प्रमाण कुटुंब

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन स्थळे आहेत. एक घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, जेथे सध्या मेट्रोचे खांब आणि रहिवाशांचा धीर या दोहोंची एकाच वेळी परीक्षा चालू आहे. आणि दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेस, कल्याण-शीळ रस्त्याला लागून, ज्याच्या नावाचा रस्ता थेट डोंबिवली स्थानकापाशी येऊन गर्दीत लुप्त होतो. मी पहिल्या मानपाड्यात राहतो आणि माझी थोरली बहीण दुसऱ्या मानपाड्यात राहते, यामुळे आमच्याकडे यावयास निघालेले आप्त तिच्याकडे आणि तिच्याकडे निघालेले आमच्याकडे उतरण्याची परंपरा आमच्या कुळात अव्याहत चालत आलेली आहे. या दोन गावांचे एकमत व्हावे असे विषय फारसे नाहीत. तथापि घर गरम ठेवण्याकरिता मनुष्याने पदरचे पैसे खर्चावेत ही कल्पना दोन्हीकडे सारख्याच अविश्वासाने ऐकली जाते. आमच्या बाजूला मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत घर तापवण्याचे काम निसर्ग विनामूल्य आणि विनाअर्ज करतो. ऑक्टोबरात, कोणी मागणी केलेली नसताना, तेच काम पुन्हा एकवार करून दाखवतो. आणि डिसेंबर-जानेवारीत जे चार-सहा दिवस तो रजेवर जातो, त्या दिवसांकरिता प्रत्येक घरात कानटोपी असते.

अशा या उष्ण आणि दमट पार्श्वभूमीवर ताईच्या मुलाने इंग्लंडात, रेडिंग या थेम्सकाठच्या शहरात, राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीत बांधलेले एक विटांचे घर विकत घेतले आणि खरेदीच्या दस्तऐवजांबरोबर त्या घराचा ऊर्जा-दाखलाही त्याच्या हाती आला. इंग्लंड व वेल्स येथे २००७ सालापासून हा दाखला सुरू झाला. घर विकावयाचे अथवा भाड्याने द्यावयाचे झाल्यास तो जवळ असावा लागतो, त्याची मुदत १० वर्षांची असते, आणि त्यात घराला गुण देऊन त्या गुणांवरून ‘ए’पासून ‘जी’पर्यंत श्रेणी लावलेली असते. ९२ आणि त्यापुढील गुणांना ‘ए’, ६९ ते ८० पर्यंत ‘सी’, ५५ ते ६८ पर्यंत ‘डी’, आणि २० च्या आत राहिलेल्या घराला ‘जी’. भाच्याच्या घराला ६२ गुण आणि अर्थातच ‘डी’ श्रेणी मिळाली होती. त्याने दाखल्याचे छायाचित्र मोठ्या कौतुकाने व्हॉट्सअ‍ॅपवर रवाना केले आणि डोंबिवलीच्या मानपाड्यात त्या दिवशी दुपारचा चहा कोणी घेतला नाही.

ताईचे दुःख समजून घेण्याजोगे होते. मुंबई विद्यापीठात ६० टक्क्यांना पहिला वर्ग मिळत आलेला असताना ६२ गुणांना चौथी श्रेणी देणारी परीक्षापद्धती तिला मुळातच संशयास्पद वाटली. “अरे, आपल्या घरात आजवर कोणाला सेकंड क्लास नाही,” ती मला फोनवर म्हणाली, “आणि त्याच्या घराला डी? रिचेकिंगचा अर्ज करता येतो का विचार बघू त्याला.” त्या देशातील जुन्या घरांपैकी पुष्कळ घरांची हीच श्रेणी असते, असे मी तिला सांगून पाहिले, परंतु पुष्कळांची जी श्रेणी ती आपल्याला पुरेशी आहे, असे मानणारी आई डोंबिवलीत अद्याप जन्मास यावयाची आहे.

हा दाखला देणारा तपासनीस घरी येतो तो फीत आणि टॅब्लेट घेऊन. तो भिंतींची जाडी पाहतो. खिडक्यांच्या काचा एकेरी की दुहेरी ते पाहतो. माळ्यावर चढून तेथे अंथरलेल्या उष्णतारोधक थराची जाडी मोजतो, जी २७० मिलिमीटर असावी अशी तिकडची सध्याची शिफारस आहे. बॉयलरचे नाव आणि मॉडेल टिपून घेतो. गरम पाण्याच्या टाकीला अंगरखा घातलेला आहे की ती उघडी उभी आहे याची नोंद करतो. आणि घरातील एकाही माणसाची जबानी न घेता निघून जातो. जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि जिचा कागदही घरमालकाला काढून दाखवता येत नाही, तिच्याविषयी तो घराच्या बांधकामाच्या कालखंडावरून अनुमान करतो. म्हणजे आधीच्या मालकाने भिंतीच्या आतून खरोखरच एखादा थर बसवून वर गिलावा केलेला असला, तरी पुराव्याअभावी तो नाहीच असे समजून पुढे जाण्याचा तेथील शिरस्ता आहे. हे ऐकून आमच्या भाऊजींच्या मनात ब्रिटिश राज्यकारभाराविषयीचा जुना आदर पुन्हा जागा झाला, कारण स्वतः सदेह समोर उभे असताना दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला बँकेत सादर करणाऱ्या निवृत्त मनुष्याला या तत्त्वाचे मर्म समजावून सांगावे लागत नाही.

ताईचा आक्षेप मात्र निराळा होता आणि, माझ्या मते, अधिक मूलगामी होता. तिचा मुलगा घरात दोन स्वेटर घालून बसतो; ज्या खोलीत कोणी नाही त्या खोलीचा रेडिएटर बंद करतो; सूनबाई रात्री एकच खोली तापवून तिघांची अंथरुणे तेथेच घालते; या काटकसरीचे गुण दाखल्यात कोठे दाखवले आहेत? ते कोठेही दाखवलेले नाहीत, आणि दाखवले जाणारही नाहीत. कारण तो हिशेब त्या घरात राहणाऱ्या माणसांचा नाहीच. सूत्रकर्त्यांनी एका प्रमाण कुटुंबाची कल्पना केलेली आहे आणि प्रत्येक घरात तेच कुटुंब राहते असे गृहीत धरून इंधनाचा खर्च काढला जातो. या कुटुंबाच्या सदस्यांची संख्या घराच्या क्षेत्रफळावरून ठरते आणि ती पूर्णांकातच येईल अशी हमी नसते. हे लोक ठराविक वेळी बैठकीची खोली २१ अंशांपर्यंत तापवतात, ठराविक वेळी बंद करतात, नेमून दिलेल्या प्रमाणात ऊन पाण्याने स्नान करतात. त्यांच्याकडे पाहुणे उतरत नाहीत, त्यांच्या घरी बाळंतिणीला शेक द्यावा लागत नाही, त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसत नाही, आणि त्यांच्यात एकाला उकडते त्याच वेळी दुसऱ्याला थंडी वाजते असे कधी घडत नाही. विवाहित जीवनाचा यत्किंचित अनुभव असलेल्या कोणाही मनुष्यास हे कुटुंब कपोलकल्पित आहे हे सांगण्यासाठी एवढी शेवटची बाब पुरे आहे.

आता या सर्व परीक्षेत घर तापवण्याची व्यवस्था हा सर्वांत अधिक गुणांचा पेपर असून, बहुतेक घरे त्यातच उतरतात किंवा गटांगळ्या खातात. भाच्याच्या घरी गॅसचा जुना बॉयलर होता. तो पाणी तापवतो, ते पाणी नळ्यांतून घरभर फिरते आणि खोल्यांतील रेडिएटर ऊब देतात. परंतु जुन्या बॉयलरांत गॅसच्या उष्णतेचा मोठा हिस्सा धुराड्यातून बाहेर पडतो आणि रेडिंगचे आकाश तापवतो. तिकडच्या सरकारने २००५ पासून नवीन बसवावयाचे बॉयलर, काही अपवाद सोडता, अशा जातीचे असावेत असे फर्मावले की ज्यात धुरातील वाफेचे पुन्हा पाणी होते आणि त्या वाफेने नेलेली उष्णताही परत पदरात पडते. या जातीचा बॉयलर शंभरातील नव्वदच्या आसपास उष्णता कामी लावतो. येथवर सारे सरळ होते. परंतु भाच्याच्या डोक्यात याहून थोर विचार आला. विजेचा तापक विजेतील संपूर्ण उष्णता खोलीत देतो, एक कवडीही धुराड्यात जात नाही, कारण त्याला धुराडेच नसते. तेव्हा बॉयलर काढून टाकून भिंतीवर विजेचे तापक बसवले तर शंभर टक्के कार्यक्षमतेला शंभराच्या आसपास गुण मिळतील, असा त्याचा हिशेब होता. तपासनिसाने त्याला थंडपणे सांगितले की असे केल्यास गुण वाढणार नाहीत. ते खाली येतील, आणि बहुधा श्रेणीही खाली येईल. दाखल्यावरील मुख्य श्रेणी ही प्रमाण कुटुंबाला येणाऱ्या खर्चावरून काढलेली असते आणि त्या देशात विजेच्या एका युनिटाचा दर गॅसच्या एका युनिटाच्या तिप्पट-चौपट आहे.

भाऊजींची हयात महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात गेली. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या तेव्हा त्यांनी ही घटना एकत्र कुटुंबातील वाटणीइतकी मनाला लावून घेतली होती. आणि आता साता समुद्रांपलीकडे विजेचा असा जाहीर अपमान होतो आहे हे ऐकून त्यांनी जेवताना ताक परत केले. त्यांचे म्हणणे असे की, जी वस्तू घरात आल्यावर पूर्णांशाने उपयोगी पडते तिला कमी गुण, आणि जी जळताना दहावा हिस्सा वाऱ्यावर सोडते तिला अधिक गुण, हा न्याय कंपनी सरकारच्या वेळचा आहे. पुढे दोन दिवस ते विचारमग्न होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला आणि, एका प्रामाणिक अभियंत्याला शोभेल अशा जड आवाजात, ठाकुर्लीच्या चोळे पॉवर हाऊसचा विषय काढला. हे वीजघर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आपल्या विजेच्या गाड्यांसाठी उभारले होते. ते बंद पडूनही आता बराच काळ लोटला. परंतु ज्यांचे बालपण डोंबिवली-ठाकुर्लीच्या दरम्यान गेले त्यांच्या स्मरणात त्याची धुराडी अजून उभी आहेत. “तिथे जळलेल्या कोळशातली तिसरा हिस्सा उष्णतासुद्धा तारेत शिरत नसे हो,” भाऊजी म्हणाले, “बाकीची पाण्यात आणि हवेत. वीज घरात येते तेव्हा ती शंभर टक्के असते हे खरं. पण ती येण्याआधी वाटेत काय काय सांडून आलेली असते, ते आम्ही ग्राहकाला कधी सांगितलं नाही.” एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. मंडळाच्या कारभाराविषयी त्यांच्या तोंडून असा कबुलीजबाब मी पूर्वी ऐकलेला नव्हता आणि पुढेही ऐकला नाही.

त्यानंतर उष्णता-पंपाचे प्रकरण निघाले. हे यंत्र घराबाहेर भिंतीलगत उभे राहते, बाहेरच्या गारठलेल्या हवेत जी काही उष्णता शिल्लक असेल ती गोळा करते आणि घरात आणून सोडते. एक युनिट वीज खाऊन ते तीन युनिटांच्या जवळपास उष्णता देते. आणि ते बसवणाऱ्यास इंग्लंड-वेल्समध्ये सरकार ७,५०० पौंड अनुदान देते. ताईने त्याचे चित्र पाहून, हा तर उलटा बसवलेला एसी आहे, असे एका दृष्टिक्षेपात सांगितले, आणि शास्त्रीयदृष्ट्या ते शंभर टक्के खरे आहे. परंतु ज्या यंत्रास सरकार एका हाताने साडेसात हजार पौंड देते, त्याच यंत्राला दाखल्याच्या सूत्रात पुष्कळदा फारसे गुण मिळत नाहीत, क्वचित एखादा गुण कमीच होतो. कारण उष्णता तिप्पट आणि विजेचा दर चौपट असला म्हणजे गुणाकार-भागाकार अखेर गॅसच्या बॉयलरपाशीच येऊन ठेपतो. एका खात्याने द्यावे आणि दुसऱ्या खात्याने त्यावर प्रतिकूल शेरा मारावा, हा व्यवहार आम्हा मानपाडावासीयांना अपरिचित नसल्याने आमच्यापैकी कोणालाही त्याचे आश्चर्य वाटले नाही.

खरी करमणूक पुढेच होती. भाच्याच्या बैठकीच्या खोलीत जुनी शेकोटीची जागा होती आणि तिच्या पोटात आधीच्या मालकाने विजेची एक शोभेची शेगडी पक्की बसवून ठेवली होती, जी भाच्याने घर घेतल्यापासून एकदाही लावली नव्हती. तरीही ती गुणांच्या हिशेबात होती. पक्का बसवलेला दुय्यम तापक खोलीत आहे म्हणजे प्रमाण कुटुंब आपल्या उष्णतेचा काही हिस्सा त्यावर घेणारच असे सूत्र मानते, आणि तो हिस्सा महाग विजेच्या दराने जमा धरते. शिवाय उघडे धुराडे असले तर घरातील ऊब त्यातून निघून जाते म्हणून त्याचीही वजावट होते. उलटपक्षी, उचलून इकडून तिकडे नेता येईल असा तापक घरात असला आणि तो अहोरात्र धगधगत असला, तरी सामान्यतः त्याची दखल घेतली जात नाही. हे समजल्यावर ताईने आपण स्वतः शिवून पाठवलेल्या दोन गोधड्यांचे काय, असे विचारले. त्या उचलून नेता येण्याजोग्या असल्यामुळे त्यांची नोंद होत नाही, असे भाच्याने कळवले. ताई त्यावर काही बोलली नाही; परंतु गोधडी पक्की बसवता येईल काय, या दिशेने तिचे विचार चालू असावेत असा मला संशय आहे.

ज्या प्रदेशात घराला ऊब देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही तेथील मनुष्याने या गोष्टीला हसावे हे स्वाभाविक आहे. पण आमच्या घरातही उष्णतेची एक व्यवस्था असते आणि ती न्हाणीघरात असते. पूर्वी ती तांब्याचा बंब या रूपाने नांदत होती. मधल्या नळीत निखारे, वरून लाकडाच्या ढलप्या आणि गोवऱ्यांचे तुकडे, खाली राखेचा कप्पा आणि बाजूला तोटी, अशा या यंत्राची कार्यक्षमता कोणी मोजली नाही, आणि ते बरेच झाले. मात्र एकाच इंधनात पाणी, न्हाणीघर आणि बंबापाशी हात शेकत बसलेले आजोबा असे तिघे तापत, व उरलेल्या राखेने भांडी घासली जात, हा जमाखर्च कोणत्याही दाखल्यात मांडून पाहण्यासारखा आहे. बंब मोडीत गेला आणि त्याच्या जागी गिझर आला. केंद्र सरकारच्या २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यान्वये स्थापन झालेल्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २००६ सालापासून घरगुती उपकरणांवर तारे चिकटवण्यास आरंभ केला, आणि यथावकाश साठवणीचा गिझरही तारांकित झाला. आम्ही घेतलेल्या गिझरावर पाच तारे होते आणि त्यांचा अर्थ मी दुकानदारास विचारला. तो त्याला ठाऊक नव्हता. नंतर वाचनात आले ते असे. गिझरमधील पाणी आसपासच्या हवेपेक्षा ४५ अंश अधिक गरम ठेवून, एकही थेंब न काढता, तो चोवीस तास तसाच ठेवावयाचा आणि त्या अवधीत केवळ पाणी गरम राखण्यासाठी किती वीज गेली ते मोजावयाचे. ही उभ्या-उभ्या होणारी गळती जितकी कमी तितके तारे अधिक. म्हणजे ज्या काळात कोणीही स्नान करीत नाही त्या काळात गिझर कसा वागतो, यावर त्याची योग्यता ठरते.

हे वाचताच मला रेडिंगच्या त्या प्रमाण कुटुंबाची आठवण झाली, आणि त्यांचे चुलत भाऊ आमच्याकडेही राहावयास आले आहेत याची खात्री पटली. कारण दिवसरात्र गिझर चालू आहे आणि स्नान मात्र कोणीच करीत नाही, असे घर मी मानपाड्यात पाहिलेले नाही. आमच्याकडे गिझर सकाळी वीस मिनिटे लागतो, आणि त्या वीस मिनिटांचे नियमन कोणत्याही थर्मोस्टॅटपेक्षा कठोर असते. “कोणाची आंघोळ राहिली आहे?” हा प्रश्न स्वयंपाकघरातून विचारला गेला म्हणजे ती मुदतीची अंतिम नोटीस समजावी, त्यानंतर बटण बंद होते आणि पुढच्याने उरलेल्या कोमट पाण्यावर आपली भूमिका ठरवावयाची असते. पंधरा लिटर पाणी पस्तीस अंशांनी तापवण्यास सुमारे ०.६ युनिट वीज पुरते. चौघांचे कुटुंब त्यावर, बादलीत थंड पाणी मिसळत, काम भागवते. पाच तारे लाभलेल्या त्या गिझरास ज्या गुणासाठी ते तारे मिळाले तो गुण दाखवण्याची संधी आमच्या घरी आजवर मिळालेली नाही, आणि मला त्याच्याविषयी कधी कधी खरोखर वाईट वाटते. अपवाद नरकचतुर्दशीचा. त्या दिवशी ऊन पाण्याचे अभ्यंगस्नान हे धर्मकर्तव्य असल्यामुळे पहाटे चार वाजता इमारतीतील चाळीस गिझर, प्रत्येकी दोन किलोवॅटने, एकदम जागे होतात. ऐंशी किलोवॅटची ती सामुदायिक भक्ती मीटरच्या खोलीला सोसत नाही, आणि उटणे लावून बसलेली चाळीस कुटुंबे अंधारात एकमेकांना हाका मारतात.

वस्तुतः या प्रसंगावर तोडगा आमच्या गच्चीवरच पडून आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी नव्या इमारतींवर सौर बंब बसवण्याची अट बांधकाम परवान्यात घातली, ठाण्यात तर तो वापरणाऱ्यास मालमत्ता करात सूटही देऊ केली गेली, आणि राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही ही तरतूद आलेली आहे. आमच्या बांधकाम व्यावसायिकाने अटीचे पालन केले. भोगवटा प्रमाणपत्र मिळाले. आणि त्या दिवसापासून गच्चीवरील काचेच्या नळ्यांवर कबुतरांची सत्ता प्रस्थापित झाली. चालू होता तेव्हाही तो सौर बंब सर्वांना समान न्याय देत नसे. वरच्या मजल्यावरील मंडळींना तोटी फिरवताच कढत पाणी. आणि तळमजल्यावरील मंडळींना, उभ्या नळीत रात्रभर निवून बसलेले सारे पाणी आधी बादल्यांनी काढून टाकल्यावर, ज्या वेळी ऊन पाण्याची चाहूल लागे त्या वेळी पालिकेच्या पाण्याची वेळ संपलेली असे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत या विषयावर जे मतभेद झाले त्यांत वरचे मजले आणि खालचे मजले यांची जी फळी पडली ती अद्याप सांधलेली नाही. उलट, जिला कोणत्याही नियमाने परवानगी दिलेली नाही आणि जिच्यावर एकही तारा नाही, अशी एक सौर व्यवस्था मात्र बिनबोभाट चालते: गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी. एप्रिल-मेमध्ये दुपारी तिच्यातील पाणी नळाला असे येते की हात धुण्यापूर्वी फुंकर मारावी. त्या दिवसांत थंड पाण्याने स्नान करण्याची इच्छा असलेल्या गृहस्थास रात्री निवलेले पाणी पहाटे गिझरच्या टाकीत भरून, बटण न लावता, राखून ठेवावे लागते. आमच्या गिझरच्या उष्णतारोधक कवचाचा एवढा एकच उपयोग मला माहीत आहे.

आपल्याकडेही आता घरांना तारे देण्याची योजना सुरू झाली आहे. १४ डिसेंबर २०१८ रोजी केंद्र सरकारने ‘इको-निवास संहिता’ जाहीर केली आणि ब्युरोने निवासी इमारतींसाठी तारांकित दाखल्याची तजवीज केली. परंतु येथे गुणपत्रिकेची दिशा उलटी आहे. रेडिंगचा तपासनीस घरातली उष्णता बाहेर किती जाते ते पाहतो. आमची संहिता बाहेरची उष्णता आत किती येते ते पाहते. थंड प्रदेश वगळता अन्यत्र, भिंती आणि खिडक्या यांनी मिळून दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटपेक्षा अधिक उष्णता घरात येऊ देऊ नये, असा तिचा दंडक आहे. हे वाचले आणि माझ्या शयनगृहाच्या पश्चिमेकडील भिंतीकडे मी प्रथमच आदराने पाहिले. एप्रिलमध्ये दुपारी दोनपासून ती भिंत उष्णता गोळा करते आणि रात्री अकरापर्यंत खोलीत समप्रमाणात वितरित करते. तिला इंधन लागत नाही, देखभाल लागत नाही, आवाज होत नाही, आणि तिची हमी इमारतीच्या आयुष्याइतकी आहे. इंग्लंडातला भाचा ज्या यंत्रासाठी साडेसात हजार पौंडांचे अनुदान मिळवू पाहत होता, ते यंत्र बांधकाम व्यावसायिकाने मला अधिभार न लावता बसवून दिले आहे. फक्त ते बंद करण्याचे बटण त्यात नाही.

ते बंद करता येत नाही म्हणून आम्ही एसी लावतो. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसीवर कारखान्यातूनच २४ अंशांची नेमणूक केलेली असावी असा हुकूम आहे. तिकडे प्रमाण कुटुंब पैसे जाळून आपली बैठक २१ अंशांपर्यंत चढवते, इकडे आम्ही पैसे जाळून आपली खोली २४ अंशांपर्यंत उतरवतो. दोन देशांच्या सरकारांनी मनुष्यप्राण्याच्या सुखाची जी दोन टोके ठरवली त्यांत अवघ्या तीन अंशांचे अंतर आहे. भाच्याला मी हे लिहून कळवले आणि विचारले की तुझ्या बैठकीत २१ अंश झाले म्हणजे कसे वाटते? त्याने उत्तर पाठवले, “मामा, अगदी स्वर्ग.” मानपाड्यात पारा २१ अंशांवर आला म्हणजे आमच्याकडे कपाटातून शाली निघतात, सकाळची फिरणारी मंडळी तोंडावर रुमाल बांधतात, आणि शेजारचे आजोबा ‘यंदा थंडीचा कडाका आहे’ असे सांगून सुंठेचा काढा मागवतात. तो स्वर्ग आम्हाला फुकट मिळतो आणि आम्ही त्याला खोकतो.

असो. भाच्याने अखेरीस उष्णता-पंपाचा विचार लांबणीवर टाकला. त्याने बॉयलर बदलला, माळ्यावरचा थर वाढवला, कधीही न पेटलेली ती शोभेची शेगडी उखडून काढली, धुराड्याचे तोंड बंद केले आणि त्या प्रत्येक कामाची पावती जपून ठेवली. फेरतपासणीत घराला ७० गुण आणि ‘सी’ श्रेणी मिळाली. ताईने पेढे वाटले. भाऊजींनी दाखल्याची छापील प्रत काढून ती स्वतःच्या निवृत्तीच्या मानपत्राशेजारी लावली आहे. आणि सध्या ते, हातात फीत घेऊन, आपल्या सोसायटीतील घराघरांत पश्चिमेकडील भिंतींची मोजणी करीत हिंडतात. त्यांच्या मते संपूर्ण इमारतीला एक ताराही मिळणार नाही. सचिवांनी हा निष्कर्ष लेखी देऊ नये अशी त्यांना विनंती केली आहे, कारण दोन सदनिका विक्रीस निघालेल्या आहेत.